लिनक्सच्या दिंड्या

संगणकाच्या पडद्याची मांडणी कशी असावी यावरून शहाण्या माणसांत पंथभेद माजावेत, हें प्रथमदर्शनीं हास्यास्पद वाटतें. परंतु लिनक्सचा इतिहास चाळतां या भेदांचें मूळ केवळ आवडीनिवडींत नव्हतें, असें आम्हांस दिसतें.

१९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें आपला कर्नल, म्हणजे यंत्र व त्यावरील कार्यक्रम यांच्यामधला कारभारी, लोकांपुढें ठेवला. नुसत्या कारभाऱ्यावर घर चालत नाहीं, भांडींकुंडीं हवींत. तीं जमवून जो आयता संसार मिळतो, तो म्हणजे डिस्ट्रो. १९९३ सालीं स्लॅकवेअर व डेबियन निघाले, २००४ सालीं डेबियनच्या पायावर उबुंटू उभा राहिला आणि २००७ सालीं सी-डॅकनें त्याच पायावर भारतीय भाषांसाठीं 'बॉस' काढला. शेगांवची पालखी व आळंदीची पालखी यांची वाट निराळी, शिस्त निराळी, दैवत मात्र एक. तसाच हा प्रकार.

डेस्कटॉपचा तंटा अधिक मनोरंजक आहे. १९९६ सालीं मथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्यानें के.डी.ई.चा संकल्प सोडला. काम देखणें होतें; पण ज्या क्यूट नामक साहित्यावर तें उभारलें, त्याचा परवाना पुरता मुक्त नव्हता. एवढ्याच मुद्द्यावर १९९७ सालीं मिगेल दे इकाझा व फेदेरिको मेना यांनीं ग्नोम आरंभिला. २००० सालीं क्यूटला जी.पी.एल. परवाना मिळाला, भांडणाचें कारण सरलें, चुली मात्र दोनच राहिल्या. (भाऊबंदकीचा आपल्याकडील अनुभव फारसा निराळा नाहीं!) २०११ सालीं ग्नोमनेंच जुनी मांडणी टाकली, तेव्हां रुष्ट मंडळींनीं ती 'माटे' या नांवानें जपली. उबुंटूनें युनिटीचा वेगळा संसार थाटला, आणि २०१७ सालीं तो मोडून पुनः ग्नोमचा आश्रय केला.

आतां हा प्रश्न बुलढाणा जिल्ह्याच्या दारीं आला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ पुष्कळशा जुन्या यंत्रांना स्वीकारीत नाहीं. मेहकर-चिखलीकडील एखाद्या महाविद्यालयानें चालतीं यंत्रें भंगारांत काढावींत काय? आमच्या मतें मुळींच नाहीं. आधीं डिस्ट्रो निवडावा, आणि तो सुरक्षेची डागडुजी किती वर्षें मिळेल हें पाहून. डेस्कटॉप स्मृतीच्या ऐपतीप्रमाणें घ्यावा. ४ जीबींत एक्सएफसीई सुखानें नांदतो, आणि मागाहून दुसराहि बसवितां येतो. मात्र यंत्र ३२ बिटी असेल, तर डेबियन १३ त्यावर बसणार नाहीं.

आणखी एक परीक्षा आम्ही सुचवूं. कळफलक मराठी करून 'वऱ्हाड' हा शब्द टंकावा. पडद्यावर 'वर्हाड' उमटल्यास पेनड्राइव्ह काढण्यापूर्वीं कळफलकावरील नुक्तेवाला ऱ शोधावा.