निवडीच्या आधीची निवड

गर्भातल्या बाळाचा पाठकणा नीट मिटलेला नाही हे कळल्यावर ‘पुढे काय?’ हा प्रश्न आज आईवडिलांना विचारला जातो, आणि तो अनादि काळापासून विचारला जात असावा असे वाटते. त्याचे वय मात्र जेमतेम पन्नास वर्षे. व्यंग फार जुने. ॲम्स्टरडॅमच्या निकोलास टुल्पने सतराव्या शतकाच्या मध्यात त्याला ‘स्पायना बायफिडा’ हे नाव दिले. हा तोच टुल्प, ज्याचा शवविच्छेदनाचा पाठ रेम्ब्रांटने 1632 मध्ये रंगवला. पण पुढची तीनशे वर्षे नाव देण्यापलीकडे वैद्याच्या हाती फारसे काही नव्हते. पाठीवरची पिशवी फुटे, जंतुसंसर्ग होई, आणि बहुतेक बाळे जात. उपायच नसेल तिथे निवड कसली?

निवड उगवली ती एका बापाच्या कारखानी हुशारीतून. 1955 मध्ये फिलाडेल्फियाजवळ राहणाऱ्या जॉन होल्टर या तंत्रज्ञाला हे व्यंग असलेला मुलगा झाला. अशा बहुतेक बाळांच्या मेंदूत पाणी साचते आणि डोके वाढत जाते. ते पाणी एकाच दिशेने वाहून नेणारी सिलिकोनची झडप होल्टरने घडवली, आणि 1956 पासून शल्यविशारद यूजीन स्पिट्झ यांच्याबरोबर ती वापरात आली. बाळे जगू लागली. मग इंग्लंडमधल्या शेफील्डच्या डॉक्टरांनी 1963 मध्ये जन्मानंतर काही तासांतच पाठ शिवण्याचा पुरस्कार केला. त्यांच्यातलेच जॉन लॉर्बर आठ वर्षांनी 524 मुलांचा हिशेब घेऊन उलटे फिरले. जगलेल्यांपैकी अनेकांची अवस्था पाहून त्यांनी पक्षाघात किती, डोके केवढे, कण्याला बाक किती, असे निकष मांडले. निकषात न बसणाऱ्या बाळांवर शस्त्रक्रिया करू नये, असे त्यांचे मत. इथे आपण थोडे थांबू. निवड आली खरी, पण ती प्रामुख्याने डॉक्टरांची होती आणि पाळण्यातल्या बाळाबाबत होती.

ती गर्भात सरकली 1972 मध्ये. एडिनबरोच्या ब्रॉक आणि सटक्लिफ यांना अशा गर्भांच्या गर्भजलात अल्फा-फीटोप्रोटीन हे प्रथिन वाढलेले आढळले. लंडनमध्ये स्टुअर्ट कॅम्पबेल त्याच सुमारास सोनोग्राफीने गर्भातली व्यंगे टिपत होते. योगायोग असा, की भारताचा 1971 चा वैद्यकीय गर्भपात कायदाही 1972 मध्येच अमलात आला. त्याचा पाया घालणाऱ्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शाह महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. आपल्याकडे मात्र गर्भजल परीक्षेने भलतीच वाट धरली. व्यंग शोधण्यासाठी आलेली सुई मुलगी शोधू लागली, आणि तिला आवर घालणारा देशातला पहिला कायदा 1988 मध्ये महाराष्ट्रालाच करावा लागला. स्पायना बायफिडाच्या इतिहासात हे प्रकरण परके वाटेल. पण सोनोग्राफीच्या खोलीत ‘लिंग सांगितले जाणार नाही’ ही पाटी वाचत बसलेले जोडपे याच इतिहासात बसलेले असते.

दरम्यान, व्यंग होऊच नये याची वाटही सापडली होती. गर्भधारणेआधीपासून फोलिक ॲसिड घेतल्यास धोका पुष्कळ कमी होतो, हे 1991 च्या ब्रिटिश अभ्यासाने दाखवले. साध्या गोळीच्या या शोधाला झडपेइतके नाट्य नाही, म्हणून तो मागे पडतो; माझ्या मते मोठा शोध हाच.

पुढची वाट गर्भाशयातच शस्त्रक्रिया करण्याची. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत गर्भ 26 आठवड्यांचा होण्याआधी कणा शिवलेल्यांपैकी 40 टक्के बाळांना वर्षभरात झडप लागली, जन्मानंतर शिवलेल्यांत 82 टक्के. मात्र त्याची किंमत आईच्या पोटावरची शस्त्रक्रिया आणि अकाली प्रसूती अशी मोजावी लागे. दुसरीकडे, भारताच्या कायद्याने 2021 मध्ये काही गटांसाठी गर्भपाताची मर्यादा 20 वरून 24 आठवड्यांवर नेली; गंभीर व्यंग असल्यास त्यानंतरचा प्रश्न वैद्यकीय मंडळापुढे जातो. 2023 मध्ये मंडळाने नकार दिलेल्या एका 32 आठवड्यांच्या गर्भाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने अंतिम निवड त्या स्त्रीची आहे, मंडळाची नव्हे, असे म्हटले. व्यंग दाखवणारी सोनोग्राफी साधारण 18 ते 20 आठवड्यांदरम्यान होते. म्हणजे गर्भातली शस्त्रक्रिया, गर्भपात की जन्मानंतरचे उपचार, हे ठरवायला घरच्यांच्या हाती मोजकेच आठवडे उरतात, आणि त्यातले काही दुसरे मत घेण्यात जातात.