ट्रॅक्टर घेताय? दोन शोरूमची कोटेशन अशी ताडून बघा

दसरा-पाडवा जवळ आला की तालुक्याच्या गावी शोरूमपुढं गर्दी सुरू होते. मॉडेल तेच, एचपी तेवढाच, तरी दोन डीलरचे भाव वेगळे. पण कमी भाव सांगणारा स्वस्त पडेलच असं नाही.

तोंडी सांगितलेला भाव बहुतेक वेळा एक्स-शोरूम असतो. पासिंग, विमा, नंबरप्लेट हे त्यावर चढतं. म्हणून ऑन रोड कोटेशन लेखी आणि शिक्क्यासह मागा, प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत. बंपर, हूक, टॉपलिंक, छत, पुढची वजनं यातलं काय किमतीत धरलंय तेही लिहून घ्या. भावातला फरक पुष्कळदा इथंच सापडतो. विमा डीलरकडूनच घ्यायचं बंधन नाही.

जुनं कोटेशन असेल तर ते बाजूला ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. कराआधीची किंमत ६ लाख धरली तर आधी कर ७२ हजार होता, आता ३० हजार. ट्रॅक्टरचे टायर-ट्यूब आणि ट्रॅक्टरचे म्हणून असलेले बरेच पार्टही १८ वरून ५ टक्क्यांवर आलेत.

खरी गंमत हप्त्यात असते. ६ लाख कर्ज, ५ वर्षं, '१० टक्के फ्लॅट' म्हणजे व्याज सरळ ३ लाख. महिन्याचा हप्ता १५ हजार. घटत्या शिलकीवर हाच दर १७ टक्क्यांच्या वर जातो. तेव्हा बँकेचे १२ टक्के ऐकून महाग वाटून घेऊ नका. दर कुठल्या पद्धतीचा आहे, ते आधी विचारा.

जुना ट्रॅक्टर एक्सचेंजला द्यायचा असेल तर नव्याचा भाव आधी पक्का करा, जुन्याचं नंतर बोला. दोन्ही एकत्र बोललं की जुन्याला जास्त दिलेले पैसे नव्यावरच्या सुटीतून कापले जातात आणि आपल्याला कळत नाही.

आणि महाडीबीटीवर अनुदानाचा अर्ज केला असेल तर पूर्वसंमती हातात येण्याआधी खरेदी करू नका. 'बिल नंतर बघू' असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका, अनुदान जाईल.

पार्टचं गणित वेगळं. नुसतं 'क्लच प्लेट द्या' म्हणू नका. एकाच मॉडेलला सिंगल आणि ड्युअल असे दोन क्लच येतात. चेसिस नंबरच्या पट्टीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, पार्ट नंबर काढून घ्या आणि तोच नंबर दोन-तीन दुकानांत विचारा. पाकिटावरच्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. त्यावर 'जीएसटी वेगळा' मागणं बेकायदा आहे.

फिल्टर, बेल्ट चांगल्या कंपनीचे बाहेरून घेतले तरी चालतं. क्लच प्लेट, हायड्रॉलिक पंप, इंजेक्टर यांत मात्र डुप्लिकेटच्या नादी लागू नका. प्लेटसाठी ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो. ती ऐन पेरणीत गेली तर मजुरी पुन्हा, आणि वाफसा निघून जातो तो वेगळाच.

पक्कं बिल घेतल्याशिवाय दुकान सोडू नका. एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेतले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, पण तिथं बिल लागतं.