अडला गिअर, मिस्त्रीचे पाय धरी

मोटारीचा इतिहास लिहिणारे विद्वान नेहमी इंजिनापासून सुरुवात करतात. मला ते पटत नाही. इंजिन म्हणजे घरचा थोरला जावई. आवाज त्याचा, मान त्याचा, आणि राबणारा भलताच कोणी! गाडीत राबतो तो गिअरबॉक्स. बिचारा अंधारात, तेलात बुडालेला, दात झिजवत बसलेला असतो. अगदी बँकेतल्या कारकुनासारखा. चालतोय तोवर त्याची कोणाला आठवण नाही. अडला की सगळे त्याच्याच नावाने खडे फोडतात. आता मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. यंत्रातले मला ताळेबंदातल्या 'घसारा' या सदरापुरतेच कळते. पण गिअरबॉक्सचा सगळा इतिहास हा घसाऱ्याचाच इतिहास असल्यामुळे विषय माझ्या हद्दीत येतो, असे मी धरून चालतो.

आम्हा बुलढाणा जिल्ह्याच्या लोकांना गिअर शिकवावा लागत नाही. आमचा जिल्हाच दोन गिअरमध्ये विभागलेला आहे : घाटावर आणि घाटाखाली. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव खाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार वर. मलकापूरहून मोताळ्यामार्गे बुलढाण्याला यायचे म्हणजे मध्ये राजूरचा घाट आलाच. सपाटीला सगळ्याच गाड्या खानदानी दिसतात हो! खरे कूळ कळते ते घाटात, दुसरा गिअर टाकताना.

गिअरची भानगड मुळात निघाली कशासाठी? तर चढावर चाके सावकाश पण जोराने फिरायला हवीत आणि सपाटीला भरभर. इंजिनाला मात्र आपल्याच तालात फिरायचे असते. या दोघांत तडजोड घडवणारा मध्यस्थ म्हणजे गिअरबॉक्स. पॅरिसच्या पानार आणि लेव्हासोर या कंपनीने १८९१ साली पुढे इंजिन, मग क्लच, मग गिअरबॉक्स अशी मांडणी केली आणि पुढच्या जगाने ती उचलली. त्या गिअरचे दाते एकमेकांवर सरकवून बसवावे लागत. बसले तर बसले, नाहीतर अशी किंकाळी फुटे, की रस्त्यावरचे बैल बुजावेत! १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला. म्हणजे दाते एकमेकांत अडकवण्याआधी त्यांचा वेग जुळवून घ्यायचा. लग्नाआधी पत्रिका जुळवण्याची आपली पद्धत त्यांना इतक्या उशिरा सुचली. पुढे १९३९ साली ओल्ड्समोबिल गाडीत आपोआप बदलणारे गिअर आले आणि क्लचचा पायही मोकळा झाला. त्याच सुमारास अमेरिकनांनी गिअरची दांडी जमिनीवरून उचलून स्टिअरिंगच्या बगलेत नेली. का, तर पुढच्या सीटवर तिसरा माणूस बसावा म्हणून. आपल्याकडे तिथे पाच बसतील, हे त्यांना कोणी सांगितले नसावे.

या अमेरिकन गाड्या आपल्याकडेही जोडल्या जात. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला कारखाना काढला होता. वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाईल्स १९४४ साली स्थापन झाली आणि कुर्ल्याला १९४७ पासून डॉज-प्लिमथ जोडू लागली. पण १९५३ साली सरकारने ठरवले, की नुसती जोडाजोड नको, गाडी इथे बनवायची असेल तरच राहा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. देशाच्या दृष्टीने धोरण योग्यच होते. पण ज्यांच्या दारात शेव्हरोले किंवा ब्यूक उभी होती त्यांचे काय? गाडीचे माहेरच उठून गेले! आयातीवर निर्बंध, त्यामुळे गिअरचा एक दाता तुटला तरी चोरबाजार धुंडाळायचा, नाहीतर खरादीवाल्याकडून दाता घडवून घ्यायचा. आलिशान गाडीवाला आणि गरीब मिस्त्री यांच्यातला वर्गसंघर्ष तिथेच संपला. शेटजी मिस्त्रीला 'आपण चहा घेणार ना?' असे विचारू लागले.

त्यानंतरचा काळ फियाट, अँबॅसडर आणि स्टँडर्ड या तिघींचा. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. फियाट आणि अँबॅसडरचे गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर. दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंत सळ्या आणि बुश यांची लांबलचक साखळी. बुश झिजले, की दांडी दोन गिअरांच्या मध्येच अडकून बसे. मग खाली उतरायचे, बॉनेट उघडायचे, सळ्या हाताने हलवायच्या आणि मागच्यांच्या शिव्या ऐकत पुन्हा बसायचे. इतक्या तक्रारी झाल्या, की १९६७ साली केंद्र सरकारने मोटारींच्या दर्जाची चौकशी करायला चक्क एक समिती नेमली. आमच्याकडे समिती नेमणे हा न्यूट्रल गिअर आहे. इंजिन सुरू असते, आवाजही होतो, गाडी मात्र जागेवरच.

मग १९८४ साली काँटेसा आली. देह विलायती व्हॉक्सहॉलचा, पण सुरुवातीला पोटात अँबॅसडरचेच १४८९ सीसीचे इंजिन आणि चार गिअर. म्हणजे पैलवानाच्या अंगरख्यात मुनीमजी! पुढे इसुझूचे इंजिन आणि पाच गिअर आले तेव्हा कुठे जिवात जीव आला. १९८५ साली मद्रासहून स्टँडर्ड २००० आली. कवच रोव्हरचे, इंजिन जुन्या व्हॅनगार्डच्या घराण्यातले. ती तीन-चार वर्षांतच संपली. काँटेसा २००२ पर्यंत टिकली.

आता आमच्या मोठ्या काकांची गोष्ट. काकांचे अडतीचे दुकान. १९९६ साली त्यांनी तिसऱ्या हाताची एक ऐसपैस गाडी घेतली. कंपनीचे नाव सांगत नाही. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये. तिचा तिसरा गिअर फर्लांगभर टिके आणि मग आपसूक सुटून न्यूट्रलला येई. सपाटीला आम्ही हसायचो. दांडी गुडघ्याने दाबून धरण्याचे काम माझ्याकडे होते, आणि मी ते पगारी असल्याच्या रुबाबात करी. पण एकदा राजूरचा घाट उतरताना, मागे काकू, आजी आणि तीन पोरे असताना गिअर सुटला. इंजिनाची पकड गेली आणि सगळा भार ब्रेकवर आला. जळका वास सुटला. काकांनी हँडब्रेक ओढत गाडी डोंगराच्या बाजूला घासत थांबवली, चाकाखाली दगड लावला आणि बराच वेळ कोणाशीही बोलले नाहीत. आजी तेवढी म्हणाली, "पोरा, पाणी पी."

त्या रात्री काकांनी कंपनीला पत्र लिहायला घेतले. मी अकरावी कॉमर्सला, म्हणून इंग्रजीची जबाबदारी माझी. 'माझे पैसे परत द्या' असे त्यात कुठेही नव्हते. एवढेच होते, की हा दोष जिवावर बेततो, तर असल्या गाड्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना कळवा. उत्तर आठ महिन्यांनी आले : गाडी आपल्या नावे आमच्या दप्तरी नोंदलेली नाही, सबब क्षमस्व. दरम्यान चिखलीच्या मिस्त्रीने गिअरबॉक्स उघडून दोष दाखवला होता. गिअर जागेवर धरून ठेवणारी बोटाच्या पेराएवढी स्प्रिंग असते आणि तिच्या टोकाला एक गोळी. ती स्प्रिंग दमली होती, बस्स! एवढ्या मोठ्या गाडीचा, आणि आत बसलेल्या सात जणांचा जीव त्या पेरावर. मिस्त्रीने नवी बसवली आणि मजुरी इतकी कमी सांगितली, की काकांना वाटले, ऐकण्यात चूक झाली.

तसे पाहता तेव्हा ग्राहकाचे दिवस पालटले होते. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली, १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, जिल्ह्याजिल्ह्यात मंच आले. २०१९ च्या नव्या कायद्याने त्यांचे आयोग झाले. आता तर कंपन्या स्वतःहून सदोष गाड्या परत बोलावतात. काकांनी पत्रात मागितले होते ते हेच की! पण काका कोर्टकचेरीच्या वाटेला गेले नाहीत. त्यांनी ते पत्र आणि उत्तर रोजकीर्दीच्या फाईलीत व्यवस्थित लावून ठेवले. येणे बाकी, असे समजून.

आमच्या शाखेतही एक तक्रारवही आहे. गेले कित्येक महिने ती कोरी आहे. साहेबांना त्याचा फार अभिमान वाटतो. मला मात्र कोऱ्या वहीची धास्ती वाटते. एक तर आमचे सगळे गिअर अचूक पडत असावेत, किंवा लोकांनी सांगणेच सोडून दिले असावे. वहीला दोरीने बांधलेले पेन आहे, त्यातली शाई केव्हाच वाळली आहे. काका असते तर स्वतःचे पेन घेऊन आले असते.