वकट, लेंड, मुंड, नाल

शाळेमागच्या मैदानावरचा विटीदांडू आठवतो ना? मुलं पाणी प्यायला गेली की आम्हा मुलींना डाव मिळायचा. विटी पडली तिथपासून गल्लीपर्यंत दांडूने अंतर मोजायचं आणि ओरडायचं, ‘वकट, लेंड, मुंड, नाल...’ मोजणी ज्या शब्दावर थांबेल, त्यावर पुढचा टोला ठरायचा : कधी विटी पायावर ठेवून, कधी मुठीवर. या शब्दांचा अर्थ काय, हे आपण बाईंनाही कधी विचारलं नाही.

पुढे नोकरीसाठी मी हैदराबादला गेले. एका संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये राज्य आलेली एक चिमुरडी डोळे मिटून मोजत होती, ‘ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु.’ मी पिशवी हातात घेऊन तिथेच उभी राहिले. वकट, लेंड, मुंड, नाल! आपण तेलुगूत मोजत होतो. आणि आपणच नाही, पुण्यातली माणसंही लहानपणी असंच मोजायची म्हणतात.

त्याच सुमारास कंपनीत अमेरिकन टीमबरोबर काम होतं. त्यातला एक जण बेसबॉल ‘अस्सल आमचा’ म्हणून सांगायचा. म्हणून वाचायला घेतलं. तिथली गंमत अशी, की हेन्री चॅडविक हा इंग्लंडात जन्मलेला पत्रकार म्हणे, बेसबॉल हा इंग्रजी राउंडर्समधून आला. खेळाचं साहित्य विकणाऱ्या अल्बर्ट स्पाल्डिंगला ते रुचेना. १९०५ मध्ये त्याच्या पुढाकाराने एक समिती बसली आणि १९०७ च्या अखेरीस तिने निकाल दिला : ॲबनर डबलडे यांनी १८३९ मध्ये कूपर्सटाउनला हा खेळ शोधला. मुख्य आधार म्हणजे एका वृद्ध गृहस्थाची आठवण. प्रत्यक्षात डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होते, आणि भरपूर लिहूनही त्यांनी असा दावा कधी केला नाही. उलट लंडनमध्ये १७४४ साली जॉन न्यूबेरीने काढलेल्या मुलांच्या पुस्तकात ‘बेस-बॉल’ नावानिशी, चित्रासह आहे. तरी १९३९ मध्ये संग्रहालय उघडलं ते कूपर्सटाउनलाच! (इंग्लंडात ‘टिपकॅट’ नावाचा आपल्या विटीदांडूचा सख्खा भाऊही आहे. टोकदार लाकडाला काठीने उडवायचं, तेच.)

मी त्या सहकाऱ्याला हसणार होते. पण मला तिसऱ्या बाकावरची आपली मैत्रीण आठवली.

ती पांढरकवड्याच्या पलीकडची, घरी तेलुगू बोलणारी. तिकडे पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. तिच्या मराठीचे हेल काढून आपण हसायचो, मीही. आठवीत तिने धडा मोठ्याने वाचणं सोडलं. बाईंनी नाव घेतलं की ती नुसती उभी राहायची. आणि मधल्या सुट्टीत आपण तिच्याच भाषेतले आकडे बेंबीच्या देठापासून ओरडायचो. आम्ही मोजायला लागलो की ती गालातल्या गालात हसायची. का, ते कुणी विचारलं नाही.

संमेलनाच्या यादीत तिचं नाव वाचलं. विटी आणि दांडू मी घेऊन येते आहे. मोजायचं मात्र तिने, सातपर्यंत, आणि मोठ्याने.