ऑनलाईन मागवलेल्या पार्सलवरचा मोबाईल नंबर फाडूनच खोकं टाका

चंदगड, आजरा, शाहूवाडीकडच्या वाड्यावस्त्यांवर घर नंबर बघून कुणी घर शोधत नाही. त्यामुळं ऑनलाईन ऑर्डर करताना 'मारुतीच्या देवळामागं, डेअरीजवळ' असं लिहायचं आणि खाली मोबाईल नंबर द्यायचा. कुरिअरवाला फोन करतो, आपण शेतात असलो की पार्सल तिट्ट्यावरच्या दुकानात ठेवून जातो. दुकानदार बिचारा उपकारच करतो. पण खोक्यावर नाव, पत्ता, नंबर आणि कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर रक्कमही छापलेली असते. जाता-येता कुणीही त्याचा फोटो काढू शकतो.

नुसता नंबर बाहेर गेला तर जाहिरातींचे फोन येतात, तेवढ्यावर भागतं. नाव, गाव आणि पार्सलची खबर एकत्र गेली की काम अवघड. "दादा, तुमचं पार्सल अडकलंय, पत्ता अपुरा आहे, लिंकवर पाच रुपये भरा," असा फोन मग खरा वाटतो. कधी 21 किंवा स्टारनं सुरू होणारा नंबर डायल करायला सांगतात. तो डायल केला की तुमचे कॉल त्यांच्याकडं वळतात, फोनवरून येणारा ओटीपीसुद्धा. चुकून केलाच असेल तर लगेच ##002# डायल करा, वळवलेले कॉल बंद होतात.

माहिती कंपनीकडूनही फुटते. 2020 मध्ये 'बिगबास्केट'च्या सुमारे 2 कोटी ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर चोरीला गेल्याचं उघड झालं होतं. ते आपल्या हातात नाही. खोकं मात्र आहे.

स्टिकर सोलून बारीक फाडा. पेनानं खोडलेलं उजेडात धरलं की वाचता येतं. वस्तू परत द्यायची शक्यता असेल तर तेवढे दिवस खोकं घरातच ठेवा.

घरात दुसरं सिम असेल तर खरेदीला तेच वापरा. बँक आणि यूपीआयचा नंबर वेगळा राहू दे. फक्त रिचार्ज चालू ठेवा, बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळतो. खरेदीच्या ॲपनं 'कॉन्टॅक्ट'ची परवानगी मागितली तर नको म्हणा, त्यात पै-पाहुण्यांचे नंबर असतात. एक सोपी युक्ती: प्रत्येक ॲपवर नावापुढं वेगळं अक्षर लावा. फोनवर कुणी त्याच नावानं हाक मारली की माहिती कुठून गेली याचा अंदाज येतो.

डिलिव्हरीचा ओटीपी पार्सल हातात आल्यावरच सांगायचा, फोनवर नाही.

पैसे गेले तर तासभरही न थांबता 1930 ला फोन करा. पैसे गेले नाहीत, पण संशयास्पद फोन किंवा मेसेज आला, तर 'संचार साथी'वरच्या 'चक्षू'मध्ये कळवा. कंपनी दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाईन 1915. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं.