चिठ्ठ्यांचा इतिहास: ग्रंथालयाच्या खणापासून संकेतस्थळाच्या मेनूपर्यंत

१.
१९९४ साली अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीच्या काही कर्मचाऱ्यांपुढे टेबलावर ५१ कार्डे विस्कटून ठेवण्यात आली. प्रत्येक कार्डावर कंपनीच्या अंतर्गत संकेतस्थळावर देता येईल अशा एकेका माहितीचे नाव लिहिलेले होते. सूचना साधी होती: जी कार्डे एकमेकांच्या जवळची वाटतात, त्यांचे गठ्ठे करा. या कामात चूक किंवा बरोबर असे काही नव्हते.

२.
संगणक बनवणाऱ्या कंपनीने संगणक बाजूला सारून कागदी कार्डांचा आधार का घ्यावा? या प्रश्नाचे उत्तर साडेचारशे वर्षांच्या इतिहासात दडलेले आहे. तो इतिहास कागदाच्या तुकड्यांचा आहे, आणि त्याहून अधिक एका अधिकाराचा आहे. एखादी गोष्ट कोणत्या नावाखाली ठेवायची हे कोणी ठरवावे: ती सांभाळणाऱ्याने, की ती शोधायला येणाऱ्याने?

३.
सोळाव्या शतकात छपाईमुळे युरोपात पुस्तकांचा पूर आला. झुरिचचा विद्वान कोनराड गेसनर याने १५४५ साली लॅटिन, ग्रीक व हिब्रू ग्रंथांची प्रचंड सूची प्रसिद्ध केली. १५४८ च्या ग्रंथात त्याने आपली कार्यपद्धतीही सांगितली: नोंदी कागदाच्या एकाच बाजूस लिहाव्यात, कात्रीने त्यांच्या पट्ट्या कापाव्यात आणि मग हव्या त्या क्रमाने लावाव्यात. वहीत लिहिलेला क्रम कायमचा असतो. सुट्या चिठ्ठीचा क्रम मात्र केव्हाही मोडून पुन्हा लावता येतो.

४.
हीच सोय पुढे स्वीडनच्या कार्ल लिनियसला उपयोगी पडली. वनस्पती आणि प्राण्यांना दोन शब्दांची शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणारा हा निसर्गवैज्ञानिक जगभरातून येणाऱ्या नव्या नमुन्यांनी हैराण झाला होता. बांधीव वहीत नव्या जातीला जागा कोठून काढायची? १७६० च्या दशकात त्याने एकाच आकाराच्या सुट्या कागदांवर नोंदी ठेवण्यास सुरुवात केली. नवी जाती आली की नवा कागद योग्य जागी सरकवायचा, एवढेच काम उरले.

५.
चिठ्ठ्यांचा पहिला मोठा सरकारी प्रयोग फ्रेंच राज्यक्रांतीत झाला. नोव्हेंबर १७८९ मध्ये चर्चची मालमत्ता राष्ट्राची ठरली आणि मठांतील लक्षावधी पुस्तके सरकारच्या ताब्यात आली. त्यांची राष्ट्रीय सूची करायची होती. १७९१ साली सूचना निघाल्या: पुस्तकांच्या नोंदी खेळायच्या पत्त्यांच्या पाठीवर कराव्यात. त्या काळी पत्त्यांची पाठ कोरी असे, कागद जाड असे आणि पत्ते सगळीकडे मिळत.

६.
लांबलचक शीर्षकांसाठी एक्के आणि दुर्‍या राखून ठेवाव्यात, कारण त्यांवर चित्र कमी आणि मोकळी जागा जास्त, इतका बारीक विचार त्या सूचनांत होता. लेखकाचे नाव अधोरेखित करायचे, त्या नावानुसार पत्ते लावायचे आणि डाव्या कोपऱ्यातून दोरा ओवून त्यांची माळ पॅरिसला पाठवायची. लाखो पत्ते जमा झाले. राष्ट्रीय सूची मात्र पूर्णत्वास गेली नाही. तरीही एका ग्रंथासाठी एक कार्ड ही कल्पना मागे उरली.

७.
एकोणिसाव्या शतकात त्या कल्पनेला लाकडी खण मिळाले. १८७६ साली अमेरिकेच्या ॲमहर्स्ट कॉलेजमधील मेलविल ड्युई या २४ वर्षांच्या तरुणाने दशमान वर्गीकरण प्रसिद्ध केले. सगळ्या ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग, प्रत्येकाचे दहा भाग, त्यांचे पुन्हा दहा. आज भारतातील असंख्य ग्रंथालयांत पुस्तकाच्या पाठीवर दिसणारा क्रमांक याच पद्धतीतला असतो.

८.
या पद्धतीतला २०० चा वर्ग धर्माचा. त्यात २२० ते २८९ हे क्रमांक बायबल आणि ख्रिस्ती धर्माच्या वाट्याला आले. जगातील बाकी सर्व धर्मांना मिळून २९० ते २९९ एवढीच जागा उरली. एका अमेरिकन महाविद्यालयाच्या कपाटांसाठी ही विभागणी सोयीची असेल. पण हिंदू, बौद्ध किंवा इस्लामी ग्रंथांनी भरलेल्या ग्रंथालयात ती लागू केली की त्या ग्रंथांचे क्रमांक दशांशचिन्हापुढे लांबत जातात. मांडणी कधीच तटस्थ नसते. ती करणाऱ्याला जग जिथून दिसते, तिथूनच ती सुरू होते.

९.
ही अडचण भारतात लवकरच जाणवली. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभारण्याचे काम सोपवले. बॉर्डन यांनी बडोद्यासाठी वेगळी वर्गीकरणपद्धती तयार केली. १९१२ साली तेथून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघू लागले. त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी विभागही होता.

१०.
त्याहून मूलगामी उत्तर दिले ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी. लंडनमध्ये शिकत असताना त्यांनी एका दुकानात मेकॅनो हे खेळणे पाहिले: त्याच पट्ट्या आणि तेच स्क्रू जोडून वेगवेगळ्या वस्तू तयार होत होत्या. ज्ञानालाही अगोदर आखलेल्या खणांत कोंबण्याऐवजी त्याचे पैलू जोडत जावे, हा विचार त्यांनी १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणात मांडला. त्याआधी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगताना वाचकाचा वेळ वाचवणे यालाच त्यांनी एका नियमाचा दर्जा दिला होता.

११.
गेसनरपासून रंगनाथन यांच्यापर्यंत एक गोष्ट मात्र समान राहिली. कार्डे कशी लावायची हे तज्ज्ञ ठरवत होता आणि वाचक ती रचना शिकून घेत होता. उलटा प्रवाह सुरू झाला तो मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत. १९३५ साली ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टीफन्सन यांनी विधाने लिहिलेली कार्डे व्यक्तीच्या हाती देऊन, तिच्या स्वतःच्या दृष्टिकोनानुसार ती लावून घेण्याची पद्धत मांडली. १९४८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातून पुढे आलेल्या चाचणीतही कार्डेच होती. पण तेथे रंग, आकार की संख्या हा नियम परीक्षकाच्या मनात असे आणि उमेदवाराने तो ओळखायचा असे.

१२.
१९६९ साली जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने शब्द लिहिलेली कार्डे लोकांकडून अर्थाच्या जवळिकीनुसार गटांत लावून घेतली. येथे ओळखायचा कोणताही गुप्त नियम नव्हता. किती जणांनी कोणते दोन शब्द एकाच गटात ठेवले, हे मोजले की मनातल्या अर्थांचा नकाशा कागदावर उतरू लागतो. १९८५ साली टॉम टलिस यांनी हीच युक्ती संगणकाच्या आज्ञांना लावली. वापरणाऱ्यांकडून आज्ञांचे गट करून घेतले आणि त्या गटांवरून पडद्यावरचा मेनू आखला.

१३.
मग आले वेब. १९९३ साली मोझॅक हा चित्रे दाखवणारा ब्राउझर आला आणि दोन वर्षांच्या आत कंपन्यांच्या आत पानांचा महापूर लोटला. प्रत्येक विभाग आपले पान आपल्या पद्धतीने सजवी. साहजिकच संकेतस्थळाची रचना कंपनीच्या कारभाराचा आरसा बनली: जितके विभाग, तितके दरवाजे. समजा, एखाद्या कर्मचाऱ्याला आजारपणाची रजा, विम्याचा दावा आणि प्रवासखर्चाची परतफेड शोधायची आहे. कंपनीच्या दृष्टीने ही तीन खात्यांची कामे. त्याच्या दृष्टीने मात्र एकच प्रश्न: मला काय मिळू शकते?

१४.
सनच्या अंतर्गत संकेतस्थळाची जबाबदारी घेतलेल्या याकोब नीलसन आणि डॅरेल सानो यांनी म्हणूनच ५१ कार्डे टेबलावर ठेवली. छोटे गठ्ठे झाल्यावर कर्मचाऱ्यांनी ते आणखी मोठ्या गटांत एकत्र केले आणि त्या गटांना स्वतःच्या शब्दांत नावे दिली. गठ्ठ्यांइतकीच ही नावे मोलाची होती, कारण शोधणाऱ्याच्या तोंडी कोणता शब्द आहे हे त्यांतून कळत होते.

१५.
पुढचे काम मोजणीचे. ५१ कार्डांच्या जोड्या होतात १,२७५. या पद्धतीत प्रत्येक जोडीसाठी एकच प्रश्न विचारायचा: ही दोन कार्डे किती जणांनी एका गठ्ठ्यात ठेवली? ज्या जोड्या जवळपास सर्वांनी एकत्र ठेवल्या त्या प्रथम जुळतात, मग त्यांच्या शेजारच्या, आणि हळूहळू झाडासारखी आकृती तयार होते. तिच्या जाड फांद्या म्हणजे मेनूतील मुख्य शीर्षके ठरू शकतात. बारीक डहाळ्या म्हणजे आतली पाने.

१६.
जिथे एकमत होत नाही तिथेही माहिती असतेच. एखादे कार्ड निम्म्या लोकांनी एका गटात आणि उरलेल्यांनी दुसऱ्या गटात ठेवले, तर दोष लोकांचा नसतो. त्या विषयाला दोन वाटा आहेत एवढाच त्याचा अर्थ. फळीवरची पुस्तकाची एक प्रत एकाच जागी उभी राहू शकते. संकेतस्थळावरील पानापर्यंत मात्र दोन्ही बाजूंनी दुवा देता येतो. पैलू जोडण्याचा रंगनाथन यांचा विचार येथे नव्या साधनात सहज बसतो.

१७.
सनमधील अभ्यास एवढ्यावर थांबला नाही. गट ठरल्यावर त्यांच्यासाठी चिन्हे काढली गेली आणि ती पाहून लोकांना काय समजते हे तपासले गेले. मग कार्डे पुन्हा हाती देऊन, कोणते कार्ड कोणत्या चिन्हाखाली जाईल हे विचारले गेले. आज पहिल्या प्रकाराला खुले आणि तयार गटांत कार्डे टाकण्याच्या प्रकाराला बंदिस्त कार्ड सॉर्टिंग म्हणतात. पहिल्या प्रकारातून रचना सुचते, दुसऱ्यातून ती पारखली जाते. ऑक्टोबर १९९४ मध्ये शिकागोच्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय वेब परिषदेत हा अभ्यास जगापुढे आला.

१८.
ग्रंथालय आणि वेब यांचा सांधा १९९८ साली उघडपणे जुळला. लुई रोझनफेल्ड आणि पीटर मोरव्हिल या दोघांनी वेबच्या माहिती-रचनेवर पुस्तक लिहिले. दोघांचेही शिक्षण मिशिगन विद्यापीठातील ग्रंथालयशास्त्राचे. मुखपृष्ठावरील ध्रुवीय अस्वलामुळे प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाने एका पिढीला शिकवले की संकेतस्थळ रंगवण्याआधी त्याची मांडणी करावी लागते, आणि मांडणी ही जुनी, अभ्यासलेली विद्या आहे.

१९.
पण किती जणांना टेबलापाशी बसवावे? २००४ साली टॉम टलिस आणि लॅरी वुड यांनी एका वित्तसंस्थेच्या अंतर्गत संकेतस्थळासाठी ४६ कार्डांवर १६८ जणांकडून आलेला निकाल तपासला. त्यातून यादृच्छिकपणे छोटे समूह उचलून त्यांचा निकाल पूर्ण निकालाशी ताडून पाहिला. पाच जणांच्या निकालाचा पूर्ण निकालाशी सहसंबंध सरासरी ०.७५ होता, पंधरा जणांचा ०.९० आणि तीस जणांचा ०.९५. त्यापुढे माणसे वाढवून फारसे काही हाती लागत नव्हते.

२०.
या पद्धतीला मर्यादाही आहेत. दोन कार्डांवर एकच शब्द आला की माणसे अर्थ न पाहता ती जवळ ठेवतात. शिवाय निवांतपणे गठ्ठे करणे वेगळे आणि घाईत एखादी गोष्ट शोधणे वेगळे. म्हणून २००३ साली डोना स्पेन्सर यांनी उलट दिशेची चाचणी मांडली: चित्रे आणि रंग काढून टाकून केवळ शीर्षकांची उतरंड दाखवायची, एक काम सांगायचे आणि माणूस कोणत्या फांदीवर जातो ते पाहायचे. आज ती वृक्ष-चाचणी या अर्थाच्या नावाने ओळखली जाते. गठ्ठ्यांनी सुचवलेली वाट खरोखर चालता येते का, हे तेथे कळते.

२१.
आणखी एक मर्यादा अधिक खोल आहे. कार्डांवरचे शब्द बहुधा संस्थाच लिहिते आणि टेबलापाशी कोणाला बोलवायचे हेही तीच ठरवते. ज्यांना कधी बोलावलेच नाही, त्यांचे गठ्ठे आकृतीत उमटत नाहीत. २९० च्या क्रमांकात दाटीवाटीने बसलेल्या धर्मांचे जे झाले, ते नव्या मेनूतही घडू शकते: ज्याचा विचार मांडणी करताना झाला नाही, त्याची गरज ‘इतर’ या शीर्षकाखाली जाऊन पडते.

२२.
पॅरिसच्या कारकुनाने पत्त्यावर लेखकाचे नाव अधोरेखित केले, तेव्हा वाचकाला काही विचारण्याची प्रथा नव्हती. दोनशे वर्षांनी कार्ड तेवढेच राहिले, ते लावणारा हात बदलला. सरकारी योजना, रुग्णालयाची वेळ, परीक्षेचा अर्ज अशा गोष्टी आता एखाद्या मेनूच्या आड असतात. ती पाने अस्तित्वात असूनही सापडली नाहीत, तर शोधणाऱ्याच्या लेखी ती नसल्यासारखीच. म्हणून टेबलावर कार्डे पसरणे हे तांत्रिक काम वाटले, तरी मुळात तो एक साधा मान आहे: मांडणी करण्यापूर्वी शोधायला येणाऱ्याला विचारण्याचा.