जमील, खालिद
(२१ एप्रिल १९७७– ). भारतीय फुटबॉलपटू व प्रशिक्षक. जन्म कुवेत येथे. महिंद्रा युनायटेड व एअर इंडियाकडून खेळल्यावर मुंबई एफसीचे प्रशिक्षकपद अनेक वर्षे सांभाळले. २०१६-१७ मध्ये, आदल्या हंगामात पदावनतीची वेळ आलेल्या मिझोरामच्या ऐजॉल एफसीला त्यांनी आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. जयेश राणे व आशुतोष मेहता हे मुंबईत पारखलेले खेळाडू त्यांच्यासोबत होते. भक्कम बचावफळी, चेंडू हिरावताच वेगवान प्रतिचढाई आणि कॉर्नरचा अचूक वापर ही त्यांची व्यूहरचना. मोहन बागानविरुद्धच्या निर्णायक लढतीत ८३ व्या मिनिटाला बचावपटू झोमिंगलियाना राल्टेच्या गोलने १-० असा विजय मिळाला. अखेर ऐजॉलने बागानला एका गुणाने मागे टाकले. तुटपुंज्या साधनांवर डावपेचांनी मात करता येते, याचा हा भारतीय फुटबॉलमधील उत्कृष्ट दाखला होय. ऑगस्ट २०२५ मध्ये ते राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.